कोठीबाईंचा दणकट कीबोर्ड

दुकानात गेल्यावर कोठीबाई कोणतीही वस्तू आधी डोळ्यांनी बघत नसत, हाताने बघत. बादली असली तर कडी धरून जोरात हिसडा. खुर्ची असली तर तिच्या पाठीवर कोपर टेकवून अंगाचा सगळा भार. कुलूप असलं तर किल्ली फिरवताना कान कुलपाला लावलेला. दुकानदाराच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळायचं आणि सोबत आलेले त्यांचे यजमान दुसऱ्याच कपाटातल्या वस्तू इतक्या मन लावून बघायला लागायचे, की ही बाई कोण, कुठली, याचा त्यांना पत्ताच नसावा.

बाईंची सगळी नोकरी मुलींच्या एका मोठ्या वसतिगृहात गेली. कॉलेज संपवून त्या तिथे लागल्या त्या कोठी सांभाळायला. गाद्या, बादल्या, दिवे, नळ, कड्या-कोयंडे, सगळं त्यांच्या ताब्यात. म्हणून त्या कोठीबाई. निवृत्त झाल्या तरी नाव काही निवृत्त झालं नाही. वसतिगृहात वस्तूंना विसावा नसतो. मुली दार पायाने लोटतात, खुर्चीवर उभ्या राहतात, भरलेली बादली जिन्यावरून आपटत नेतात. वस्तू मोडली की एखादी नवी मुलगी कोठीच्या दारात येऊन उभी राहायची, घरी कळवतील का म्हणून घाबरलेली. बाईंना ते बघवायचं नाही. मोडेल अशी वस्तू आणायची म्हणजे पुढेमागे कुणालातरी रडवायचं, हे त्यांच्या डोक्यात जे बसलं ते कायमचं.

तीच नजर घेऊन त्या घरीही खरेदी करत. त्यामुळे तीन माणसांच्या त्या घरात वस्तू मात्र शेकडो जणींना पुरून उरतील अशा. कपडे वाळत घालायचा घोडा लोखंडी. पायपुसणं असं, की ते झटकायला दोघं लागायची. मुलीचं पहिलं दप्तर ट्रकवर टाकतात त्या ताडपत्रीचं शिवलेलं; पावसात टिपूस आत गेलं नाही, पण पाठीवर घेतलं की मुलगी मागे कलायची.

"आपल्याकडे चोर आला ना," यजमान शेजाऱ्यांना सांगायचे, "तर बिचारा कुलूप उघडायच्या आधीच कंबर धरून बसेल."

ते मीटर वाचणारे होते. वीजकंपनीत. घरोघरी जिने चढून आकडे टिपून घेण्यात पाय झिजले आणि रस्त्यांच्या गोंगाटात कान. आता कानात यंत्र असायचं आणि घरातली चर्चा तापायला लागली की त्यांचं बोट नेमकं त्या यंत्राच्या बटणावर जायचं. बाईंवर करायची त्यांची आवडती थट्टा एकच होती, वसतिगृहाच्या न्हाणीघरांच्या दारांची. बाईंनी ती स्वतः पसंत करून बसवली होती, आपोआप मिटणारी, जाड स्प्रिंगांची. "अजून एकही दार निखळलेलं नाही," बाई अभिमानाने सांगायच्या. "निखळतील कशी?" यजमान म्हणायचे. "ती उघडायला मुली जोडीजोडीने जातात."

मुलगी यावर खिदळायची. तिला घरात सगळे खारू म्हणत. लहानपणी कुठेही बसली तरी तिची बोटं चालू असायची, ताटाच्या कडेवर, खिडकीच्या गजावर, बापाच्या टकलावर. पुढे तिने कामही बोटांचंच धरलं. ऐकून टाइप करायचं. माणसं बोललेली असतात, ते कुणीतरी रेकॉर्ड केलेलं असतं, आणि खारू कानाला हेडफोन लावून ते शब्दन् शब्द उतरवून काढते. पायाशी एक पट्टी, ती दाबली की आवाज चालू, सोडली की बंद. हात मोकळे, फक्त लिहायला. कुणी खोकलं तर तिने लिहायचं, 'खोकला'. कुणी हसलं तर 'हसू'. बोलता बोलता कुणी थांबलं तर लिहायचं, 'शांतता'.

"यात काय मोठंसं," असं सुरुवातीला बाईंना वाटलं होतं. मग एकदा खारूने त्यांच्या कानाला हेडफोन लावला. गावातल्या संग्रहालयाने जुन्या कामगारांच्या आठवणी गोळा केल्या होत्या, त्यातली एक म्हातारी बोलत होती. टेलिफोन केंद्रात तारा जोडायचं काम केलेली. म्हातारी सांगत होती, रांगेत बसून किती जणींनी किती लोकांची भांडणं ऐकली आणि कशी पोटात ठेवली. मधेच ती थांबली. फक्त श्वास ऐकू येत होता. बाईंनी हेडफोन काढून लेकीकडे बघितलं.

"इथे काय लिहिलंस?"

"शांतता."

"एवढंच?"

"मी अजून काय लिहिणार, आई? ती काही बोललीच नाही."

गेल्या वर्षी खारूची मनगटं गेली. एका दिवसात नाही; आधी नुसतं अवघडायचं, मग अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ जायची, मग एका सकाळी तिच्या हातातून कप सुटला. शिरांना सूज, डॉक्टर म्हणाले, टायपिंग बंद. किती दिवस, तर बघू. त्या 'बघू'त कितीतरी महिने गेले. लेक खोलीत हात उशीवर ठेवून पडून राहायची. ताटाच्या कडेवर वाजणारी बोटं थांबली आणि घर कसं सुनं झालं. संग्रहालयाचं काम दुसऱ्या कुणाकडे गेलं. बाईंनी त्या काळात देवाला सोडून बाकी सगळ्यांना विचारलं, आणि सगळ्यांत जास्त लेकीला विचारलं. आता कसं वाटतंय? काल बरं होतं ना, मग आज? हा हात की तो? मूठ वळते का? दाखव बरं.

शेवटी एकदा लेक शांतपणे म्हणाली, "आई, तू विचारतेस ना, तेव्हा जास्त दुखतं."

त्यावर माय-लेकींचा करार झाला. आईने विचारायचं नाही. दुखलं तर लेकीने आपणहून सांगायचं. बाप साक्षीदार. कराराचं पालन करताना बाईंच्या जिवाची काय तगमग झाली ते त्यांनाच ठाऊक, पण त्यांनी शब्द पाळला. आणि हळूहळू, व्यायाम शिकवणाऱ्या ताईंच्या हाताखाली, मनगटं सुधारली. दुसऱ्या माणसाने उतरवलेलं संग्रहालयाला पसंत पडलं नव्हतं. त्याने सगळे खोकले आणि सगळ्या शांतता गाळून टाकल्या होत्या. काम परत खारूकडे आलं. उरलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या आठवणी, त्या टेलिफोनवालीच्या बाकीच्या फिती धरून. ताईंनी बजावलं, "जपून. पुन्हा एकदा असं झालं तर मात्र दुसरं काम शोधावं लागेल."

आणि नेमका तेव्हाच कीबोर्डने राम म्हटला.

तसे खारूच्या हाताखाली कीबोर्ड टिकत नसतच. साधे, कॉम्प्युटरबरोबर येतात ते, आत रबराचा पातळ पडदा असलेले. आधी अक्षरं पुसली जायची. त्याचं तिला काही नव्हतं, ती बोटांकडे बघतच नसे. मग रबर मऊ पडायचं आणि बटण दाबलेलं वर यायला कुरकुर करायचं. या वेळी स्पेसचं लांब बटण एका बाजूने बसलं. ते उठावं म्हणून खारू अंगठा आपटायला लागली, आणि अंगठाच तर आधी दुखला होता. शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या बाईंना तो आपटण्याचा आवाज ऐकू आला.

"उद्या दुकानात जायचं," त्यांनी जाहीर केलं. "आणि मी येणार."

"आई, मी बघतेय ना, किती दिवस वाचतेय त्यावर—"

"तू वाच. मी बघते."

दुकान कॉम्प्युटर दुरुस्तीचं होतं, एका जिन्याखाली. चालवणारी बाई चाळिशीची, केसांत पेन्सिल खोचलेली, हाताशी डाग द्यायचं यंत्र तापत ठेवलेलं. तिने एकावर एक कीबोर्ड मांडले आणि समजावून सांगायला लागली. भरपूर लिहिणाऱ्या माणसाने रबराचा घेऊच नये. ज्यात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग असते तो घ्यावा, तो वर्षानुवर्षं जातो. अक्षरं वरून छापलेली नकोत, बटणाच्या आरपार ओतलेली हवीत, म्हणजे पुसत नाहीत. वायर काढता-घालता येणारी असावी, कारण आधी मरते ती वायर. तळाला पत्रा हवा. आणि स्प्रिंगांचे प्रकार असतात. काही हलक्या, काही टक् असा आवाज करणाऱ्या, काही जड.

"जड कुणाला लागतात?" खारूने विचारलं.

"ज्यांचा हात जोरात पडतो त्यांना. चुकून धक्का लागून अक्षर उमटत नाही. तुम्ही तर हलका घ्या. या सगळ्यांत अजून एक सोय आहे, बघा, हे बटण असं वर—"

पण बाईंनी तोवर काळा, सगळ्यांत मोठा कीबोर्ड उचलला होता. दोन्ही हातांनी. त्यांनी तो पिळून बघितला, कुरकुरला नाही. उलटा केला, काही खुळखुळलं नाही. मग त्यांनी एकेका बटणावर तर्जनी दाबली. हलक्या स्प्रिंगांच्या कीबोर्डचं बटण नुसतं बोट टेकताच खाली जात होतं, लोण्यात गेल्यासारखं. बाईंचं तोंड वाकडं झालं. या काळ्याचं बटण कसं, सांगितल्याशिवाय हलत नव्हतं. आणि सोडलं की खटकन वर.

"हा," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत कोठीत अशा कितीतरी वस्तू त्यांनी त्याच एका अक्षरात पास केल्या होत्या.

"आई, हा थोडा जड—"

"जड म्हणजेच दणकट. त्या मऊ बटणाचं काय, आज आहे उद्या नाही. पुन्हा ते आपटणं नको. तुझ्या हाताखाली आता वस्तू मोडायला नको, बस."

दुकानातली बाई काही बोलणार होती. तिने खारूकडे बघितलं. खारूने आईकडे बघितलं. आईच्या चेहऱ्यावर किती महिन्यांनी असं काहीतरी होतं, ज्याला खुशी म्हणता आलं असतं. कितीतरी दिवस जिला काहीच करता आलं नव्हतं तिला आज लेकीसाठी काहीतरी करता येत होतं, तेही तिला येत होतं तेच. खारू म्हणाली, "चालेल. हाच द्या."

यजमानांनी घरी तो हातात घेऊन तोलला. "चांगलाय," ते म्हणाले. "घरात वरवंटा नव्हताच आपल्या."

पहिले काही दिवस बाई हवेत होत्या. समोरच्या काकू आल्या, त्यांना कीबोर्ड दाखवला. दूधवाला दारात उभा असताना त्यालाही आत बोलावून बटण दाबायला लावलं. बंद दाराआडून खडखड असा भरीव, एकसारखा आवाज यायचा आणि बाई भाजी निवडता निवडता मान डोलवायच्या. खारूचं लिहिणं त्यांना नेहमीच कानांनी ओळखता यायचं. वाक्य लांब असलं की आवाज सलग, मग स्पेसच्या लांब बटणाचा जाड ठोका, मग किंचित विसावा: म्हणजे फीत मागे नेऊन तिने पुन्हा ऐकलं. घड्याळाच्या टिकटिकीइतकी ती लय त्यांच्या अंगवळणी पडली होती.

मग लयीत काहीतरी बिघडलं. विसावा लांबला. वाक्याच्या मधेच आवाज थांबायला लागला, जिथे बोलणारं माणूस थांबेल असं वाटत नाही तिथे. बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

त्यांनी डोळ्यांत तेल घालून बघायला सुरुवात केली. लेक चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होती. थंडी आहे म्हणून, असं म्हणावं तर थंडी नव्हती. वेणी घालायची तिने सोडून दिली होती, केस नुसते चिमट्यात अडकवलेले. लोणच्याच्या बरणीचं झाकण तिने न बोलता बापापुढे सरकवलं.

"अहो," बाई स्वयंपाकघरात यजमानांना म्हणाल्या, "तिचे हात पुन्हा दुखतायत."

"मग विचार ना."

"मी कशी विचारू? करार आहे."

"मग मी काय करू?"

"तुम्ही विचारा. तुम्ही नुसते साक्षीदार होता."

यजमान मान खाजवत लेकीच्या दारात गेले. "काय खारू, कसं काय?"

"मस्त, बाबा."

ते परत आले. "मस्त आहे म्हणते."

"झालं? एवढंच विचारलंत? मीटरवर आकडा काय दिसतोय तो टिपायचा आणि घरात माणसं जिवंत आहेत का ते बघायचं नाही, हीच तुमची सवय."

यजमानांचं बोट कानाकडे गेलं.

बाईंनी मग आडून प्रयत्न केले. कप भरून देऊ की अर्धा? पुस्तकाचं पार्सल मी आणू का तू आणशील? आज हवा अशी आहे ना, माझे तर सांधे धरलेत. लेक सगळ्याला हसून उत्तर द्यायची आणि मनगट अलगद टेबलाखाली न्यायची. एकदा तर बाईंच्या तोंडून 'दाखव ब—' एवढं निघालंच. त्यांनी ते गिळून 'दाखव बटाटे कुठे ठेवलेस ते' असं केलं. खारूने बटाटे दाखवले. दोघींनाही कळलं होतं, आणि दोघीही बटाट्यांकडे बघत राहिल्या.

तिने सांगायचं ठरलं होतं. ती का सांगत नाही? बाईंनी उलटसुलट विचार केला. काम हातचं जाईल म्हणून असेल, ताई रागावतील म्हणून असेल. स्वतः निवडलेल्या त्या काळ्या वस्तूवर मात्र त्यांचा विचार एकदाही जाऊन टेकला नाही. दणकट वस्तू कुणाला दुखवत असेल, ही शक्यताच त्यांच्या कोठीत कधी जमा झाली नव्हती.

एका दुपारी खारू झालेलं काम पोचवायला संग्रहालयात गेली. बाई तिच्या खोलीत धूळ पुसायला शिरल्या. टेबलावर कीबोर्ड होता, आणि त्याच्या पुढच्या कडेला, जिथे मनगटं टेकतात तिथे, घडी घातलेला ओला रुमाल. बाईंनी तो हातात घेतला. गार होता. आत बर्फाचा वितळत आलेला खडा होता.

त्या खुर्चीत बसल्या. कॉम्प्युटर चालूच होता. त्यांना टाइप करता येत नव्हतं असं नाही. कोठीच्या मागण्या त्या दोन बोटांनी टाइप करायच्या. त्यांनी कोरं पान उघडलं आणि समोर पडलेलं वर्तमानपत्र बघून लिहायला लागल्या, मुलगी लिहिते तसं, न थांबता, सगळी बोटं वापरून. चुका होऊ देत. एक बातमी झाली. दुसरी निम्मी झाली. करंगळी आधी बोलली. प्रत्येक अक्षराला बटण आधी अडून बसायचं, मग मान्य करायचं. एका अक्षराला ते काहीच नव्हतं. पण अक्षरं एका वाक्यात किती, आणि वाक्यं एका म्हातारीच्या आयुष्यात किती! तिसऱ्या बातमीपर्यंत बाईंच्या हाताच्या पाठीवरच्या शिरा ताणल्या गेल्या. भरलेल्या बादल्या उचललेला हात तो. त्या तशाच लिहीत राहिल्या, हट्टाने, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे एकाएकी न्हाणीघराचं दार आलं. आणि दारासमोर टॉवेल खांद्यावर टाकून, दुसऱ्या मुलीची वाट बघत उभी असलेली एक बारकी मुलगी. इतकी वर्षं त्या गोष्टीवर सगळे हसत आले होते. बाईही.

खारू परत आली तेव्हा आई तिच्या खुर्चीत बसलेली होती, उजव्या हाताने डावं मनगट चोळत. पडद्यावर चुकांनी भरलेली पानभर बातमी होती.

बाईंनी वर बघितलं. विचारायचं नाही, असा करार होता. सांगायचं नाही असं कुठे ठरलं होतं?

"माझे हात दुखतायत," त्या म्हणाल्या.

खारू दारातच थांबली. पिशवी खांद्यावरून खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

"माझेपण," ती म्हणाली.

मग ती पलंगाच्या कडेवर बसली. खारूच्या भाषेत, शांतता.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं आणि लगेच जीभ चावली.

"विचार. आता विचार." खारू रडत होती की हसत होती ते नीट कळत नव्हतं. "दुसऱ्या दिवसापासून. आधी वाटलं सवय होईल. मग वाटलं, हे तेच आहे. गेल्या वर्षीचं. मोठ्याने सांगितलं की खरं होईल असं वाटायचं."

"अगं पण कीबोर्ड जड आहे हे तर सांगायचंस!"

"तू दूधवाल्याला दाखवत होतीस, आई."

बाईंनी लेकीचे दोन्ही हात आपल्या मांडीवर ओढून घेतले आणि तो ओला रुमाल झटकून तिच्या मनगटाला गुंडाळला.

"तुला आवडलं होतं ना ते," खारू म्हणाली. "इतक्या दिवसांनी तू काहीतरी जोरात दाबून बघितलंस आणि खूश झालीस."

"मेलं माझं खूश होणं," बाई म्हणाल्या आणि पदराने नाक पुसलं. "उद्या चल. हा देऊन टाकू."

पण देऊन टाकायचा म्हणताना त्यांचा आवाज अडखळला. न मोडलेली वस्तू टाकायची, हे त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

दुकानातल्या बाईने सगळं ऐकून घेतलं. खारूची मनगटं तिने बघितली. मग केसांतली पेन्सिल काढून तिने त्या पेन्सिलीनेच कीबोर्डकडे बोट दाखवलं.

"टाकायचा कशाला? त्या दिवशी मी तेच दाखवत होते, तुम्ही घाईत होता. याचं प्रत्येक बटण उपटून काढता येतं, आणि बटणाखालची स्प्रिंगची डबीही. डाग द्यावा लागत नाही, नुसती दाबून बसते. जड काढा, हलक्या घाला. सांगाडा हाच."

"आणि टिकतं?" बाईंच्या तोंडून गेलंच.

"तेवढंच टिकतं, काकू. स्प्रिंग हलकी म्हणजे कच्ची नव्हे."

बाईंनी एक हलकी डबी हातात घेतली. सवयीने तर्जनी त्यावर गेली. या वेळी त्यांनी ती दाबली नाही. ती खारूपुढे धरली. "तू बघ."

खारूने बोट टेकवलं. दोनदा, तीनदा. डोळे मिटून. "ही," ती म्हणाली.

घरी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून तिघं बसली. खारूला हात लावायला बंदी. ती नुसती मुकादम. बाई चिमट्याने जुन्या डब्या उपटत होत्या, यजमान भिंग लावून नव्या बसवत होते.

"डबीचे ते तारेचे पाय वाकवू नका! सरळ घाला!"

"अगं घालतोय. तुझं वसतिगृहाचं दार नाही हे, जोर लावायला."

बाईंचा हात क्षणभर थांबला. "अहो," त्या म्हणाल्या, "त्या दारांच्या स्प्रिंगाही बदलता येत असतील नाही?"

यजमानांनी भिंगातून बायकोकडे बघितलं. एक डोळा एवढा मोठा दिसत होता. थट्टा ओठांवर आली होती ती त्यांनी परत नेली. "बदलता येतील की," ते म्हणाले. "नव्या कोठीवालीला फोन कर."

वरची बटणं बसवताना यजमानांनी चुकून दोन अक्षरांची अदलाबदल केली. बाईंच्या ते लक्षात आलं तोवर सगळं बसवून झालं होतं. "राहू दे," खारू म्हणाली, "मी कुठे बघते?" काढलेल्या जड डब्या बाईंनी धुतलेल्या बरणीत भरून माळ्यावर ठेवल्या. कधी कुणा जोरकस हाताच्या माणसाला लागल्या तर.

सगळं लगेच सुरळीत झालं असं मात्र नाही. ताई रागावल्या, त्यांनी टायपिंग पूर्ण थांबवायला लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून व्यायाम सुरू केले. संग्रहालयाने मुदत वाढवून दिली, कुरकुरत का होईना. काम राहील की जाईल, ते कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. बाईंचा जीव पुन्हा टांगणीला लागला. पण आता करार बदलला होता. आता त्यांनी दिवसातून एकदा विचारायचं आणि खारूने खरं सांगायचं. कधी उत्तर यायचं, "बरंय." कधी यायचं, "आज वाईट." वाईट असलं तरी ते ऐकल्यावर बाईंना घास गिळता यायचा, याचं त्यांनाच नवल वाटायचं.

ताईंनी परवानगी दिली त्या सकाळी खारू टेबलाशी बसली. दार तिने उघडंच ठेवलं. बाई बाहेर शेंगा सोलायला बसल्या, तोंड भिंतीकडे करून, आपण ऐकत नाही असं दाखवत. आवाज सुरू झाला. पूर्वीसारखा खडखड नव्हे, बारीक, हलका. ओळखीचा व्हायला वेळ लागला. मग लांब बटणाचा ठोका आला, मग विसावा, मग पुन्हा सलग. टेलिफोनवाली म्हातारी बोलत असावी.

बऱ्याच वेळाने आवाज मधेच थांबला. वाक्य संपलेलं नव्हतं. बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आई," आतून हाक आली, "डावा अंगठा किंचित दुखतोय. थांबते मी. बाकीचं उद्या."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले आणि दुसरी घेतली. आतून खारूने खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला. आणि मग, स्वयंपाकघराकडे जाता जाता तिने दाराच्या चौकटीवर बोटं वाजवली, अगदी हळू, दोन्ही हातांची.